शस्त्रक्रियागृहातील हवा : फिल्टर केव्हा व कसा बदलावा

रुग्णालयास भेट देणाऱ्या हितचिंतकांना आम्ही शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत नेतो, काचेतून आतील दिवे, टेबल व भूल देण्याचे यंत्र दाखवितो आणि तेथूनच परत फिरतो. त्या दालनाच्या वर, गच्चीलगतच्या एका अरुंद खोलीत, जे यंत्र रात्रंदिवस चालू असते ते पाहण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाही. पत्र्याची एक मोठी पेटी, तिच्यात पंखा, गार पाण्याच्या नळ्यांची वेटोळी आणि एकामागून एक बसविलेले फिल्टर, एवढाच त्याचा पसारा. परंतु वार्षिक हिशेबात या पेटीच्या नावे दरवर्षी जी रक्कम पडते, तिच्याविषयी विश्वस्तांच्या सभेत व देणगीदारांच्या पत्रांतून प्रश्न येत असतात. प्रस्तुत लेख त्या प्रश्नांचे उत्तर म्हणून लिहिला आहे. लेखक व्यवसायाने यंत्र अभियंता असून निवृत्तीनंतर गेली काही वर्षे रुग्णालयाच्या देखभाल विभागाचे काम मानद स्वरूपात पाहत आहे.

आलेल्या पत्रांपैकी एका भगिनींचे पत्र विशेष उल्लेखनीय आहे. त्या अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात स्थायिक असून रुग्णालयास नियमितपणे साहाय्य करतात. तेथील अनेक घरांतून थंडीत ऊब राहावी म्हणून तळघरात फर्नेस, म्हणजे हवा तापविणारी भट्टी बसविलेली असते. घरातील हवा तिच्याकडे ओढली जाते, तापते आणि पत्र्याच्या नळकांड्यांतून पुन्हा खोल्याखोल्यांत पोहोचते. भट्टीत शिरण्यापूर्वी ती पुठ्ठ्याच्या चौकटीत बसविलेल्या एका फिल्टरमधून गाळली जाते. हा फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी घरातील माणसेच बदलतात. भगिनींनी विचारले होते, ‘आमच्याकडे हे काम पाच मिनिटांत उरकते. मग आपल्याकडे त्यासाठी तंत्रज्ञ, चाचणी आणि एवढा खर्च कशाला ?’

प्रश्न रास्त आहे. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे, आणि सांगावयास हरकत नाही की होणाऱ्या चुकाही बहुतांशी त्याच आहेत. घरी चूक झाली तर भट्टीवर ताण येतो, विजेचे वा गॅसचे बिल वाढते, घरातील दमेकऱ्यास त्रास होतो. येथे चूक झाली तर ती उघड्या जखमेवर येऊन पडते.

शस्त्रक्रियागृहाच्या हवेतील जंतू बाहेरच्या धुळीबरोबर येतात असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. टेबलाभोवती उभी असलेली माणसे हाच जंतूंचा मोठा उगम असतो. मनुष्य हालचाल करतो तेव्हा त्याच्या त्वचेचे अतिसूक्ष्म पापुद्रे मिनिटाला हजारोंच्या संख्येने झडतात आणि त्यांतील काहींवर जंतू स्वार असतात. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू सुमारे एक मायक्रॉन आकाराचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. परंतु तो एकटा क्वचितच उडतो, दहा-वीस मायक्रॉनच्या पापुद्र्यावर बसून फिरतो. म्हणून केवळ बाहेरून येणारी हवा गाळून भागत नाही. आतली हवाही सतत काढून, गाळून, पुन्हा सोडावी लागते. सध्याच्या मानकांप्रमाणे शस्त्रक्रियागृहातील हवा ताशी किमान २० वेळा बदलली जावी आणि त्यांपैकी ४ वेळची हवा बाहेरून घेतलेली ताजी असावी. २० फूट लांब, २० फूट रुंद व १० फूट उंच दालनात ४,००० घनफूट हवा मावते. म्हणजे तासाला ८०,००० घनफूट हवा त्या पेटीतील फिल्टरांमधून गेली पाहिजे, आणि तीही एकही तास न चुकता.

हे गाळण तीन टप्प्यांत होते. पहिला फिल्टर जाडाभरडा. तो सुमारे दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ, कापूस, किडेमुंग्या अडवितो व धुऊन पुन्हा वापरता येतो. दुसरा त्याहून बारीक, पाच मायक्रॉनच्या आसपासचा. तिसरा, छतात, टेबलाच्या नेमका वर बसविलेला हेपा फिल्टर. काचतंतूंच्या अत्यंत पातळ कागदाच्या शेकडो घड्या घालून तो तयार करतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सर्गी कण अडविण्यासाठी या जातीचे फिल्टर विकसित झाले आणि पुढे ते रुग्णालयांत आले. ०.३ मायक्रॉन आकाराचे १०,००० कण त्यावर सोडले तर फार तर ३ पलीकडे जातात.

हा ०.३ चा आकडा कोठून आला, असे एका विश्वस्तांनी विचारले होते. फिल्टर हा चहाच्या गाळणीसारखा काम करीत नाही. त्याच्या तंतूंमधील पोकळ्या अडविलेल्या कणांपेक्षा पुष्कळ मोठ्या असतात. मोठा कण हवेबरोबर वळण घेऊ शकत नाही व सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो, त्यामुळे तोही कोठेतरी तंतूला चिकटतो. मधल्या आकाराचा, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण ना धड आदळतो, ना धड भरकटतो. तोच सर्वांत निसटता. म्हणून परीक्षा त्याची घ्यावयाची. त्याला अडविणारा फिल्टर त्याहून लहान व मोठ्या, दोन्ही कणांना अधिकच चांगला अडवितो.

शुद्ध हवेचा हा आग्रह प्रथम धरणाऱ्यांत इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाचे शल्यविशारद जॉन चार्नली यांचे नाव अग्रभागी आहे. १९६२ मध्ये त्यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा बसविण्याची आजची पद्धत रूढ केली. आरंभीच्या काळात त्यांच्या सुमारे ७ टक्के रुग्णांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होत असे. गाळलेल्या हवेचे बंदिस्त दालन, विशेष पोशाख व शस्त्रक्रियेच्या तंत्रातील सुधारणा यांच्या योगे ते प्रमाण काही वर्षांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले. श्रेय केवळ हवेचे नव्हे, हे स्वतः चार्नलीही मान्य करीत. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक सांधेरोपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला व अतिशुद्ध हवेत संसर्ग निम्म्याच्या आसपास येतो असे त्यात दिसले. मात्र येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे की प्रतिजैविकांचा वापर सार्वत्रिक झाल्यानंतरच्या अभ्यासांत, छतातून समांतर प्रवाहात हवा सोडणाऱ्या महागड्या यंत्रणेचा तसा वेगळा लाभ आढळला नाही, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केवळ संसर्ग टाळण्यासाठी सांधेरोपणात ती वापरू नये असा सल्ला दिला. आमच्या मते याचा अर्थ सरळ आहे. देणगीतून अधिक दिमाखदार यंत्रणा घेण्यापेक्षा आहे त्या यंत्रणेची हवा नीट गाळली जाते की नाही हे पाहणे अधिक श्रेयस्कर.

आता मूळ मुद्दा. फिल्टर केव्हा बदलावा ?

येथे एक गोष्ट ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. धूळ साचलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा कण अधिकच अडवितो, कारण साचलेली धूळही गाळण्याचे काम करू लागते. मग तो बदलावयाचा कशासाठी ? तर त्यातून हवा जाईनाशी होते म्हणून. ताशी २० च्या ऐवजी १५ वेळा, पुढे १० वेळा हवा बदलू लागते. याहून गंभीर गोष्ट पुढे घडते. शस्त्रक्रियागृहात हवेचा दाब बाहेरच्या मार्गिकेपेक्षा किंचित अधिक ठेवलेला असतो; किंचित म्हणजे केवळ अडीच पास्कल, पाण्याच्या पाव मिलिमीटर उंचीएवढा. तेवढ्यामुळेच दार उघडले तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरून आत येत नाही. फिल्टर तुंबला की हा दाब नाहीसा होतो आणि मार्गिकेतील हवा दाराच्या फटीतून थेट टेबलाकडे निघते. वरचा हेपा कितीही उत्तम असला तरी तिला तो गाळू शकत नाही.

म्हणून फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक दाखविणारे एक तबकडीचे मापक पेटीवर बसविलेले असते. नवा फिल्टर बसविला त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवावयाचा आणि तो साधारण दुप्पट झाला की, अथवा उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेस पोहोचला की, फिल्टर बदलावयाचा. दिनदर्शिका पाहून फिल्टर बदलणे हा दुय्यम मार्ग होय. मध्यंतरी रुग्णालयाशेजारील जुनी इमारत पाडण्याचे काम चालू असताना, एरवी महिनाभर चालणारा पहिला फिल्टर आठ दिवसांत भरला. अशा पाडकामाच्या धुळीत अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात आणि दुर्बल रुग्णांस ते घातक ठरू शकतात. त्या काळात दिनदर्शिकेवर विसंबून राहिलो असतो तर फसलो असतो.

तथापि मापकही फसवू शकते, आणि तो अनुभव येथे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या टप्प्यावरील फिल्टर बदलल्यानंतर मापकाचा काटा नेहमीपेक्षा बराच खाली आला. आम्हांस समाधान वाटले. फिल्टर स्वच्छ आहे, हवा मोकळी वाहते आहे, असा अर्थ आम्ही लावला. दोन महिन्यांनी पेटी उघडली असता चौकटीच्या उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, काजळासारखी काळी रेघ दिसली. फिल्टर मापाला अर्धा इंच कमी होता. बसविणाऱ्याने तो एका बाजूस सारून बसविला होता आणि हवा फिल्टर टाळून त्या फटीतून जात होती. आकडा कमी होता तो याच कारणाने. पुढचा हेपा फिल्टर शाबूत असल्याने अनर्थ टळला. त्या काळातील रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता हवेमुळे संसर्ग झाल्याचे आढळले नाही. परंतु गाळली न गेलेली धूळ हेपावर बसून तो वेळेपूर्वीच निकामी झाला, शस्त्रक्रियागृह चार दिवस बंद ठेवावे लागले आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्यांत गावाकडून येऊन धर्मशाळेत उतरलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या मुलाने पेरणीचे दिवस सोडून चार दिवस अधिक येथे काढले आणि एका शब्दानेही तक्रार केली नाही. ती फिल्टरची खरेदी माझ्या सहीने झाली होती.

तेव्हापासून आमची रीत अशी आहे. फिल्टरच्या कडेवर छापलेला आकार हा नाममात्र असतो, प्रत्यक्ष माप त्याहून थोडे कमी भरते. म्हणून खरेदीपूर्वी चौकट व फिल्टर दोन्ही पट्टीने मोजतो. मापाबरोबर प्रतही तीच असावी. अधिक दाट फिल्टर म्हणजे अधिक चांगला, असे मानून पंख्याच्या ताकदीबाहेरचा फिल्टर घातला तर हवा कमी होते आणि तुंबलेल्या फिल्टरचेच सर्व दोष नव्या फिल्टरने उद्भवतात. न्यू जर्सीच्या भगिनींसही हेच कळविले. त्यांच्याकडे फिल्टरची प्रत मर्व्ह या श्रेणीने १ ते १६ अशी मोजतात; १३ क्रमांकाचा फिल्टर घेण्यापूर्वी घरातील भट्टीचा पंखा तो पेलतो काय हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पाहणे आवश्यक आहे.

बदलण्याचे काम शस्त्रक्रियागृह रिकामे असताना, पंखा पूर्ण बंद करूनच सुरू होते. पंखा चालू ठेवून फिल्टर ओढला तर सैल झालेली धूळ सरळ पुढे खेचली जाते. काम करणारा मुखपट्टी व हातमोजे घालतो. जुना फिल्टर न आपटता, न झटकता, हळू बाहेर काढतो आणि तेथल्या तेथे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधतो. उघडा फिल्टर मार्गिकेतून नेणे म्हणजे महिनाभर अडविलेले सर्व काही वॉर्डांत वाटत जाणे. त्यानंतर चौकट ओल्या फडक्याने पुसून कोरडी करतात आणि कडेची रबरी पट्टी, जिला गॅस्केट म्हणतात, बोटाने चाचपून पाहतात. ती कडक झाली असेल, कोपऱ्यात तुटली असेल, तर फिल्टरबरोबर तीही बदलावयाची. पुष्कळ ठिकाणी येथेच काटकसर होते आणि नव्या फिल्टरचा सारा खर्च वाया जातो.

मग बाणाची खूण. प्रत्येक फिल्टरच्या कडेवर हवेच्या प्रवाहाची दिशा दाखविणारा बाण असतो. हवा जिकडे जाते तिकडे त्याचे टोक असावे. घरगुती भट्टीत ते भट्टीच्या दिशेस येते. फिल्टरच्या एका बाजूस आधाराची जाळी व दुसऱ्या बाजूस विरळ तंतू असतात, आणि उलटा बसविल्यास तो फुगून चौकटीतून सुटू शकतो. हे सांगण्यासारखे आहे काय, असे वाटेल. परंतु अंधाऱ्या पेटीत, डोक्यावर हात करून काम करणाऱ्याचा बाण चुकणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून पेटीच्या पत्र्यावरच तांबड्या रंगाने मोठा बाण काढून ठेवला आहे. पकडीचे स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळतात, म्हणजे गॅस्केट सर्वत्र सारखी दबते. शेवटी खोलीतील दिवा मालवून एका बाजूने विजेरी धरावयाची व दुसऱ्या बाजूने पाहावयाचे. कडेने उजेडाची रेघ दिसली तर तेथून हवाही जाणार. या उपायास काहीही खर्च येत नाही.

हेपाची गोष्ट निराळी. तो धुता येत नाही, झाडता येत नाही, त्याच्या कागदास बोटही लावावयाचे नाही. नखाएवढे भोक त्याच्या साऱ्या किमतीवर पाणी पाडते. तो बसविल्यावर, व पुढे दरवर्षी, गळतीची चाचणी होते. फिल्टरच्या वरच्या बाजूस एका विशिष्ट तेलाच्या अतिसूक्ष्म तुषारांचे धुके सोडतात आणि खालून संवेदनशील यंत्राने त्याचा इंच न् इंच तपासतात. वरच्या धुक्याच्या ०.०१ टक्क्याहून अधिक अंश कोठेही आढळला तर फिल्टर अमान्य. भगिनींच्या पाच मिनिटांत व आमच्या दोन दिवसांत जो फरक आहे, तो मुख्यत्वे या चाचणीचा. पहिल्या टप्प्यावरील फिल्टर मात्र आमचे कर्मचारीच धुतात. हवा ज्या बाजूने बाहेर पडते तिकडून पाणी मारून, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने परत जाते. जुलैच्या दमट हवेत हे फिल्टर दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओला फिल्टर ही बुरशीची शेतीच असते. म्हणून त्यांचे दोन संच ठेवले आहेत.

खर्चाविषयी थोडेसे. खाटेवर, दिव्यावर, व्हीलचेअरवर देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते. फिल्टरवर लावावी तर तो वर्ष-दोन वर्षांत पिशवीत बांधून टाकून द्यावयाचा असतो. या कारणाने यंत्रासाठी देणगी मिळते, पण ते चालविण्यासाठी मिळणे कठीण जाते. एका सद्‌गृहस्थांनी शस्त्रक्रियागृहासाठी दोन स्प्लिट ए.सी. देऊ केले होते. त्यांच्या भावनेचा आदर राखून आम्ही ते बाह्यरुग्ण विभागात बसविले, कारण असे ए.सी. खोलीतील तीच हवा फिरवितात आणि त्यांच्या आतील ओलसर सांदींत जंतू वाढतात. शस्त्रक्रियागृहात त्यांना मज्जाव आहे. कारण समजावून सांगितल्यावर त्याच गृहस्थांनी पुढील तीन वर्षांच्या फिल्टरांचा भार उचलला. हिशेबात त्यांची इच्छा म्हणून नाव दिलेले नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक सूचना येथेच देणे इष्ट होईल. येथून घरी जाणाऱ्या काही रुग्णांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिला जातो. हे यंत्र खोलीतील हवा आत घेऊन तीतील नायट्रोजन शोषते आणि सुमारे ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा प्राणवायू देते. त्याच्या मागील वा बाजूच्या भागात स्पंजचा एक फिल्टर असतो. तो आठवड्यातून एकदा, यंत्र बंद करून, काढावा. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावा, पिळून न काढता कोरड्या फडक्यात दाबावा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. ओला फिल्टर बसवू नये, कारण आत गेलेल्या ओलाव्याने नायट्रोजन शोषणारा पदार्थ खराब होतो. रुग्णास यंत्र सतत लागत असेल तर दुसरा स्पंज जवळ ठेवावा. फिल्टर काढून यंत्र तसेच चालवू नये. आतील दुसरा फिल्टर आपण उघडू नये, ते तंत्रज्ञाचे काम आहे. यंत्र भिंतीपासून व पडद्यापासून फूटभर दूर असावे. आणि ज्या घरांत जागेच्या अडचणीमुळे रुग्णाची खाट देवघराजवळ असते, तेथे निरांजन, उदबत्ती व कापूर दुसऱ्या खोलीत लावावेत. प्राणवायूजवळ ठिणगीही धोक्याची असते, आणि उदबत्तीची काजळी त्या लहानशा स्पंजवर चार दिवसांत दिसू लागते.

गतवर्षी काढलेल्या हेपा फिल्टरचा एक तुकडा, दोन काचांमध्ये मोहोरबंद करून, चौकशीच्या खिडकीजवळ ठेवला आहे. त्याची डावी बाजू हवा आत शिरण्याची, उजवी बाहेर पडण्याची. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी खिडकीवरील सेवकांस सांगावे. ते काच उजेडात धरून दाखवितील.